एसी लावला की गाडी थरथरते? कंप्रेसर बदलण्याआधी हे तपासा

एसी बंद असताना गाडी सिग्नलला अगदी शांत उभी असते. एसीचं बटण दाबलं की बोनेटखालून 'टक्' असा आवाज येतो, इंजिनचा आवाज खाली बसतो आणि स्टिअरिंग, सीट, गिअरचा दांडा सगळंच थरथरायला लागतं. काही गाड्यांत तर आरशातली मागची गाडीही हलताना दिसते. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला की सगळं पुन्हा ठीक.

अशा वेळी बहुतेक जण गाडी थेट एसीवाल्याकडे नेतात. एसी लावल्यावर त्रास होतो, म्हणजे दोष एसीतच असणार, हा अंदाज साहजिक आहे. तिथे गॅस भरला जातो, थंडावा थोडा वाढतो, पण थरथर तशीच राहते. पुढच्या फेरीला "कंप्रेसर जाम होतोय, बदलावा लागेल" असं सांगितलं जातं. कंप्रेसर हा एसीचा सगळ्यात महाग भाग आहे. तो बदलूनही थरथर राहिली, तर गेलेले पैसे परत येत नाहीत.

खरी गोष्ट अशी की एसी इंजिनवर जास्तीचं ओझं टाकतो आणि इंजिनमध्ये आधीपासून असलेली बारीकसारीक कमजोरी त्या ओझ्याखाली दिसायला लागते. त्यामुळे तपासणीची सुरुवात साध्या आणि स्वस्त गोष्टींपासून करावी. ती कशी करायची, घरच्या घरी काय ओळखता येतं आणि मेकॅनिकला नेमकं काय सांगायचं, ते क्रमाने पाहू.

एसी इंजिनकडून नेमकं काय मागतो?

पेट्रोल किंवा डिझेल गाडीत एसीचा कंप्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. बहुतेक गाड्यांत त्याच्या पुलीत विद्युत चुंबकाचा क्लच असतो. एसी लावला की हा क्लच चिकटतो. 'टक्' असा आवाज येतो तो त्याचाच. त्या क्षणापासून इंजिनला स्वतः फिरण्याबरोबर कंप्रेसरही ओढावा लागतो.

हे ओझं साधारण २ ते ४ हॉर्सपॉवरचं असतं. ऊन किती आहे, गाडी केवढी आहे, यावर ते कमी-जास्त होतं. हायवेला ६०-७० हॉर्सपॉवर देऊ शकणाऱ्या इंजिनला याचं काहीच वाटत नाही. पण गाडी उभी असताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन फक्त बंद पडणार नाही इतक्याच ताकदीवर फिरत असतं. यालाच आयडलिंग म्हणतात. तेव्हा हेच ओझं मोठं ठरतं.

शिवाय एसीबरोबर रेडिएटरसमोरचा पंखा आणि आतला ब्लोअर सुरू होतो. त्यांना वीज लागते, ती अल्टरनेटर देतो आणि अल्टरनेटरही इंजिनच्याच बेल्टवर फिरतो. म्हणजे एका बटणाने इंजिनवर दोन बाजूंनी भार येतो.

हे इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, माहीत असतं. तुम्ही बटण दाबता तेव्हा आधी संदेश ईसीयूकडे जातो. तो इंजिनला थोडी जास्त हवा आणि इंधन देतो, स्पार्कचं टायमिंग जुळवतो आणि कंप्रेसरला जोडतो. हे सगळं सेकंदाच्या काही भागात घडतं. म्हणून चांगल्या गाडीत एसी लावल्यावर आरपीएमचा काटा क्षणभर खाली जाऊन पूर्वीपेक्षा थोडा वर स्थिरावतो. एसीशिवाय गरम इंजिनचा काटा साधारण ६५० ते ८५० च्या आसपास असेल, तर एसी लावल्यावर तो ८०० ते १००० च्या दरम्यान दिसतो. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात.

ही भरपाई झाली नाही, अपुरी झाली किंवा झालेली असूनही इंजिनला तिचा उपयोग करता आला नाही, तर गाडी थरथरते.

किती थरथर चालते?

थोडा फरक प्रत्येक गाडीत जाणवतो. त्यातही तीन सिलिंडरच्या गाड्या उभ्या असताना जरा जास्त हलतात. ऑल्टो के१०, टियागो, क्विड अशा अनेक छोट्या गाड्या याच प्रकारातल्या. यामागचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. ८०० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, तर तीन सिलिंडरमध्ये २०. धक्के जितके कमी आणि दूरदूर, तितके ते अंगाला जास्त जाणवतात. म्हणून शेजाऱ्याच्या चार सिलिंडरच्या गाडीशी तुमच्या तीन सिलिंडरच्या गाडीची तुलना करू नका. तुलना तुमच्याच गाडीच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करा.

या गोष्टींना दोष समजू नका:

- एसीचा क्लच जोडताना येणारा एक हलका धक्का.
- ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर एसी काही सेकंद बंद होणं. ताकद चाकांना मिळावी म्हणून अनेक गाड्यांत ईसीयू स्वतःच कंप्रेसर सोडतो.
- सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत, आत गरम व्हायला लागल्यावर ते पुन्हा आपोआप सुरू होणं.

पण दात वाजावेत इतकी थरथर, काटा खालीवर नाचणं, इंजिन बंद पडता पडता सावरणं किंवा बंदच पडणं हे नॉर्मल नाही.

आधी काट्याकडे बघा

कोणतंही झाकण न उघडता सगळ्यात जास्त माहिती आरपीएमचा काटा देतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर 'पी' वर), आणि एसी लावून दोन मिनिटं नुसतं बघत बसा. खाली दिलेल्या चार प्रकारांपैकी एक दिसेल.

१. काटा खाली जातो आणि खालीच राहतो. ईसीयूने केलेली भरपाई पोहोचत नाहीये. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन किंवा आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह यांच्यावर पहिला संशय घ्या.

२. काटा सतत अनियमित हलतो, मध्येच झटका बसतो. एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये. मेकॅनिकच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करतेय. प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कुठून तरी शिरणारी जास्तीची हवा, ही कारणं असू शकतात.

३. काटा स्थिर, आकडाही बरोबर, पण गाडी थरथरतेय. इंजिन बरोबर चाललंय, त्याची नेहमीची थरथर केबिनपर्यंत येतेय. इंजिनचे रबरी माउंट, म्हणजेच ज्याला गॅरेजमध्ये 'फाउंडेशन' म्हणतात, ते बसलेले असण्याची शक्यता जास्त.

४. दर काही सेकंदांनी 'टक्', थरथर, पुन्हा 'टक्', शांत. कंप्रेसर फार लवकर लवकर जोडला आणि सुटला जातोय. इथे मात्र एसीची बाजू तपासायला हवी. गॅस कमी झालेला असू शकतो किंवा दाब प्रमाणाबाहेर जात असू शकतो.

गाडीत काटाच नसेल तर कानाने ऐका. आवाज खाली बसतो, अडखळतो, की एकसारखा राहतो, एवढं कळलं तरी पुरेसं आहे.

घरी करता येणाऱ्या पाच चाचण्या

कुठल्याही चाचणीआधी तीन नियम. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, सायलेन्सरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. बोनेट उघडल्यावर ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या बेल्टपासून लांब ठेवा. आणि पंख्याजवळ हात नेऊ नका, तो कधीही अचानक सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा.

पहिली: एसीशिवाय विजेचा भार टाका. एसी बंद ठेवून हेडलाइट, मागच्या काचेचा डीफॉगर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर लावा. एवढ्यानेही गाडी थरथरली, तर दोष एसीचा नाही. इंजिनला कोणताच जास्तीचा भार पेलवत नाहीये किंवा बॅटरी-अल्टरनेटर कमजोर आहे. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज बघा. बहुतेक गाड्यांत ते १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर तो साफ करून घ्या.

दुसरी: आरपीएम हाताने वाढवून बघा. एसी चालू ठेवून ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबा आणि काटा १२०० च्या आसपास धरा. थरथर पूर्ण गेली तर अडचण फक्त आयडलिंगची आहे. १५०० च्या पुढेही अडखळत असेल तर प्लग, कॉइल किंवा इंधनाकडे बघावं लागेल.

तिसरी: पंखा बघा. बोनेट उघडून कोणाला तरी एसी लावायला सांगा. बहुतेक गाड्यांत एसी लावताच किंवा थोड्या वेळात समोरचा पंखा फिरायला लागतो. तो फिरलाच नाही, तर एसीचा गॅस थंड होत नाही, दाब वाढतो आणि कंप्रेसर ओढायला जड होतो. गाडी चालताना एसी मस्त आणि सिग्नलला गरम हवा, सोबत थरथर, ही याचीच खूण आहे. अशा वेळी इंजिनच्या तापमानावरही लक्ष ठेवा, कारण तोच पंखा रेडिएटरही थंड करत असतो.

चौथी: आवाज ऐका. एसी लावताना बेल्ट किंचाळतो का? मग बेल्ट सैल किंवा झिजलेला असेल. पुलीजवळून घरघर येते का? मग बेअरिंग गेलेलं असू शकतं. इंजिनच्या वरच्या बाजूने बारीक 'सूं' आवाज येतो का? मग एखादा व्हॅक्युम पाइप फुटला किंवा निसटला असेल.

पाचवी: सीएनजी असेल तर इंधन बदलून बघा. यावर पुढे सविस्तर.

थ्रॉटल बॉडी: स्वस्त आणि आधी तपासायची गोष्ट

पेट्रोल इंजिनमध्ये हवा थ्रॉटल बॉडीतून जाते. आत एक गोल झडप असते. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना ती जवळजवळ बंद असते आणि अगदी बारीक फटीतून हवा आत जाते. इंजिनमधली ऑइलची वाफ पुन्हा हवेच्या मार्गात सोडलेली असते. ती वाफ आणि धूळ मिळून याच फटीवर काळा, चिकट थर बसतो.

एसी बंद असताना ईसीयू कसंबसं जुळवून घेतो. एसी लावला की एकदम जास्त हवा हवी असते आणि फट अरुंद झालेली असते. केबलवर चालणाऱ्या जुन्या थ्रॉटलमध्ये या कामासाठी वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो. तोही याच काजळीने अडकतो. नव्या गाड्यांत झडप मोटरने हलते.

उपाय म्हणजे थ्रॉटल बॉडी क्लीनर वापरून नीट साफ करून घेणं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोटरवर चालणारी झडप इग्निशन चालू असताना बोटाने ढकलायची नसते, आतले गिअर खराब होतात. आणि साफ केल्यावर अनेक गाड्यांत ईसीयूला नवी स्थिती पुन्हा शिकवावी लागते. हे केलं नाही तर साफसफाईनंतर काही दिवस आयडलिंग उलट जास्त विचित्र वाटतं. बॅटरी काढून जोडल्यावरही काही गाड्यांत असंच होतं. कामाला देतानाच विचारा, "आयडल रीसेट करून देणार ना?"

इथेच एक इशारा. काही ठिकाणी "रेस वाढवून देतो" म्हणत थ्रॉटलचा स्क्रू फिरवला जातो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत आयडलिंग स्क्रूनेच लावायचे. आजच्या गाडीत हा स्क्रू कंपनीतून लावून आलेला असतो आणि आयडलिंग ईसीयू ठरवतो. तो फिरवला की थरथर तात्पुरती झाकली जाते, ईसीयूचा हिशोब बिघडतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

प्लग आणि कॉइल

एसीचा भार आल्यावर सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण जातं आणि ते पेटवायला जास्त जोरदार स्पार्क लागतो. झिजलेला प्लग रिकाम्या इंजिनला पुरतो, भार आला की चुकतो. साधे प्लग साधारण ३०-४० हजार किलोमीटरला बदलायचे असतात, इरिडियमचे त्याहून बरेच जास्त टिकतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

प्लग काढल्यावर ते मेकॅनिककडून मागून बघा. टोकाला फिकट तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा स्पार्क कमजोर. ओलसर, तेलकट काळा म्हणजे ऑइल आत येतंय. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर त्याच सिलिंडरची कॉइल किंवा इंजेक्टर तपासावा. संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघणं ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइलच खराब.

एअर फिल्टरही याच वेळी बघून घ्या. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत तो मॅन्युअलमधल्या मुदतीआधीच भरतो.

इंजिनचे फाउंडेशन

इंजिन चासीला थेट जोडलेलं नसतं, ते रबरी माउंटवर बसवलेलं असतं. छोट्या गाड्यांत असे साधारण तीन माउंट असतात, काहींमध्ये आत द्रवही असतो. रबर काळाने कडक होतं, चिरतं, बसतं. मग एसीचा भार येऊन इंजिन थोडंसं जास्त हललं तरी ते थेट स्टिअरिंगवर आणि सीटवर जाणवतं.

खुणा अशा: इंजिन सुरू किंवा बंद करताना 'धप्प' असा धक्का, क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना आवाज, आणि ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक धरून 'डी' ला जास्त थरथर पण 'एन' ला कमी. काटा मात्र स्थिर. अशा वेळी प्लग आणि गॅसवर खर्च करून उपयोग नाही. आधी माउंट तपासून घ्या. सगळे बदलावे लागतातच असंही नाही. जो चिरला आहे तो कोणता, ते दाखवायला सांगा.

दोष खरंच एसीत असेल तर

काही वेळा एसी खरोखर जास्त ओझं टाकत असतो. त्याची मुख्य कारणं चार.

कंडेन्सर धुळीने भरलेला. रेडिएटरच्या पुढे असलेल्या या जाळीत धूळ, चिखल, किडे, सुकी पानं अडकतात. गॅस थंड होत नाही आणि दाब वाढतो. इंजिन थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने हलक्या हाताने धुतला तरी फरक पडतो. जास्त दाबाचा फवारा जवळून मारू नका, पातळ पत्र्या वाकतात.

गॅस जास्त भरलेला. "थोडा जास्त टाकतो, बर्फ होईल" हे चुकीचं आहे. जास्त गॅसने दाब वाढतो, कंप्रेसर जड होतो आणि थंडावा उलट कमी होतो. गॅस किती ग्रॅम भरायचा ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. भरताना वजन बघूनच भरायला सांगा. दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला हवी.

पंखा किंवा त्याचा रिले खराब. वर सांगितलेल्या तिसऱ्या चाचणीत हे लगेच कळतं.

कंप्रेसर किंवा त्याचा क्लच झिजलेला. एसी लावल्यावर सतत घरघर, एसी बंद केल्यावर आवाज पूर्ण बंद, पुली हाताने फिरवताना अडखळणं (इंजिन बंद असताना), ही खरी लक्षणं. गेजवर दाब बघून आणि हे तपासूनच कंप्रेसर बदलायचा निर्णय घ्यावा. नुसत्या थरथरीवरून नाही.

काही नव्या गाड्यांच्या कंप्रेसरला क्लचच नसतो, तो सतत फिरतो आणि आतून भार कमी-जास्त करतो. अशा गाडीत 'टक्' आवाज आला नाही म्हणून घाबरू नका.

सीएनजी गाडी असेल तर

मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यात सीएनजी गाड्या भरपूर आहेत आणि एसीवर थरथरण्याची तक्रारही त्यांच्यात बऱ्यापैकी ऐकू येते. सीएनजीवर इंजिनची ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी असते. शिवाय हा वायू पेटवायला स्पार्कही जास्त जोरदार लागतो. त्यामुळे प्लग जरा कमजोर झाला तरी आधी सीएनजीवर आणि एसी लावल्यावरच ते जाणवतं.

चाचणी सोपी आहे. गरम इंजिन, एसी चालू, गाडी उभी. आधी सीएनजीवर बघा, मग पेट्रोलवर.

- फक्त सीएनजीवर थरथरते: सीएनजीचा फिल्टर, रिड्यूसर, गॅस इंजेक्टर किंवा किटची ट्यूनिंग बघावी. प्लगही सोबत तपासावे.
- फक्त पेट्रोलवर थरथरते: पेट्रोल इंजेक्टर घाण झालेले असू शकतात. महिनोन्महिने पेट्रोलवर न चालवलेल्या गाडीत हे होतं. म्हणून अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावी.
- दोन्हीवर सारखीच: थ्रॉटल, प्लग, कॉइल, माउंट, व्हॅक्युम पाइप यांपैकी काहीतरी.

सीएनजीच्या पाइपला, रिड्यूसरला किंवा इंजेक्टरला घरी हात लावू नका. वास येत असेल तर इंजिन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत केंद्रालाच बोलवा.

डिझेल गाडीत प्लग आणि कॉइलचा प्रश्न नसतो. तिथे इंजेक्टर, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, डिझेल फिल्टर आणि माउंट बघतात.

स्कॅनर लावून घ्या

स्टिअरिंगखाली ओबीडी नावाचं सॉकेट असतं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या सगळ्या गाड्यांत ते आहे, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही. स्कॅनरवर हे कोड दिसले तर दिशा मिळते:

- पी०३००: एकापेक्षा जास्त सिलिंडरमध्ये मिसिंग. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, याच क्रमाने पुढे.
- पी०१७१: मिश्रणात हवा जास्त. व्हॅक्युम गळती किंवा इंधन कमी.
- पी०५०६: आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी.

चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी स्कॅन करायला हरकत नाही. मात्र माउंट चिरला किंवा कंडेन्सर भरला तर सहसा कोड येत नाही. 'कोड नाही' म्हणजे 'दोष नाही' असं समजू नका. सगळं तपासूनही कारण सापडलं नाही तर इंजिनचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं.

दुर्लक्ष केलं तर काय?

थरथर नुसती त्रासदायक असते तोपर्यंत ठीक. पण मिसिंग करणाऱ्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि तोही महाग भाग आहे. दिवा लुकलुकत असेल तर गाडी जोरात चालवू नका, लवकरात लवकर दाखवा.

दुसरा धोका गाडी बंद पडण्याचा. बोरघाट किंवा खंबाटकीसारख्या चढावर ट्रॅफिक मुंगीच्या वेगाने सरकत असताना, एसी चालू असताना इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत फक्त एक-दोन दाबांपुरती उरते. तेव्हा हे करा:

१. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा दाबू नका, उरलेली मदत संपते.
२. हँडब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा.
३. एसी आणि ब्लोअर बंद करा, न्यूट्रलला आणून गाडी सुरू करा.
४. चढ संपेपर्यंत एसी लावू नका. तापमानाचा काटा वर गेला असेल तर सुरक्षित जागी थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

गाडी दुरुस्तीला जाईपर्यंत एसी आतली हवा फिरवण्याच्या बटणावर ठेवा, कंप्रेसरवर ताण कमी येतो. लांब सिग्नलला ऑटोमॅटिक गाडी 'एन' ला घ्या. हे तात्पुरते उपाय आहेत, इलाज नाही.

मेकॅनिकला काय सांगायचं?

"एसी लावला की गाडी हलते" एवढंच सांगितलं तर तपास एसीपासूनच सुरू होतो. त्याऐवजी वरच्या चाचण्या करून असा मेसेज पाठवा. आपापल्या गाडीप्रमाणे बदल करा:

"दादा, गाडी ५५ हजार किलोमीटर चाललीये. इंजिन गरम झाल्यावर, उभी असताना एसी लावला की काटा ८०० वरून ६०० ला येतो आणि तिथेच राहतो. हलका ॲक्सिलरेटर दिला की थरथर जाते. सीएनजी-पेट्रोल दोन्हीवर सारखंच. एसी थंड आहे, पंखा फिरतोय. प्लग कधी बदलले माहीत नाही. आधी स्कॅन, थ्रॉटल बॉडी आणि प्लग बघा. माउंट चिरलाय का तेही बघा. कोणताही पार्ट बदलण्याआधी फोन करा, जुना पार्ट मला परत हवा."

अशा मेसेजनंतर थेट गॅस भरण्याची किंवा कंप्रेसर बदलण्याची शक्यता बरीच कमी होते.

थोडक्यात क्रम

१. काटा बघा, पाच चाचण्या करा.
२. बॅटरी टर्मिनल, एअर फिल्टर, बेल्ट, पंखा, कंडेन्सर.
३. स्कॅन, थ्रॉटल बॉडी साफ करून आयडल रीसेट.
४. प्लग, कॉइल, व्हॅक्युम पाइप.
५. इंजिन माउंट.
६. गेज लावून एसीचा दाब, गॅसचं वजन.
७. इंजेक्टर, कॉम्प्रेशन.
८. सगळ्यात शेवटी कंप्रेसर.

काटा मात्र आधी स्थिर दिसत असेल तर पाचव्या पायरीपासून सुरुवात करा, आणि 'टक्-टक्' लवकर लवकर होत असेल तर सहाव्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी दोन दिवस चालवून बघा. तीन पार्ट एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच थरथर परत आली तर सुरुवात पुन्हा शून्यापासून करावी लागते.